पहिली कोरीव काठी: लाकूड निवडण्यापासून रबरी टोपी बसवण्यापर्यंत

मोराची मान, नागाचा फणा, वेलीची वळणं असलेली काठी कुठेतरी पाहिली आणि आपणही एक करावी असं वाटलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. सुतारकाम आलं पाहिजे असं नाही. हाताला थोडी सवय, बराचसा धीर आणि वाळलेलं लाकूड एवढ्यावर पहिली काठी होते.

सुरुवातीलाच एक सांगतो. नवीन माणूस नक्षीपासून सुरुवात करतो आणि तिथेच काठी बिघडते. काठीवर कोणीतरी आपला भार टाकणार आहे, बऱ्याचदा गुडघा दुखणारं घरातलं वडीलधारं माणूस. त्यामुळे लांबी, जाडी, लाकडाच्या तंतूंची रेषा, मूठ हे सगळं आधी, पान-फूल-पक्षी नंतर. पुढच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. काठी कोणासाठी, ते ठरवा आणि मापं घ्या

काठ्या दोन प्रकारच्या. एक रोजच्या आधाराची, मूठ असलेली. दुसरी डोंगरात न्यायची, उंच आणि बिनमुठीची. दोन्हींची मापं वेगळी असतात. एकीतून दुसरीचं काम काढायला गेलात तर दोन्ही कामं अर्धवट होतात.

आधाराच्या काठीसाठी माणसाला रोजची चप्पल किंवा बूट घालून सरळ उभं करा. हात सैल सोडायला सांगा. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर ही काठीची एकूण लांबी. या मापाच्या काठीवर हात ठेवला की कोपर साधारण २० ते ३० अंशात वाकतं. कोपर सरळ राहिलं तर काठी आखूड आहे, खांदा वर उचलला गेला तर लांब. माप अनवाणी घेऊ नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. रबरी टोपी खाली एक सेंटिमीटरच्या आसपास भर घालते, तीही हिशेबात धरा. तरीही कापताना तीन सेंटिमीटर जास्तच ठेवा. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही.

डोंगरातल्या काठीला काटेकोर माप नाही. हात पुढे धरल्यावर कोपर काटकोनात येईल तिथे पकड हवी आणि त्याच्या वर वीत-दीड वीत काठी उरावी, म्हणजे उतारावर हात वर सरकवता येतो.

आता एक प्रश्न जो बहुतेक जण विचारत नाहीत: कोणता पाय दुखतो? काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. सिनेमातली माणसं उलट धरतात म्हणून आपणही तशीच धरतो. मुठीला अंगठ्यासाठी खाच करणार असाल किंवा पक्ष्याचं डोकं एका बाजूला कललेलं कोरणार असाल, तर ती मूठ कोणत्या हाताची हे आधी कळलंच पाहिजे. पडल्यानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच काठी घेणाऱ्याने मात्र आधी फिजिओथेरपिस्टला विचारावं. त्यांना कदाचित चार पायांची ॲल्युमिनियमची काठी लागेल, आणि तिथे आपल्या कलाकुसरीचा हट्ट नको.

जाडी: हाताशी २५ मिलिमीटर, टोकाशी २० च्या आसपास. वजन अर्ध्या किलोच्या आत राहिलं तर वयस्कर माणूस ती रोज वापरतो. जड काठी दाराआडच उभी राहते.

२. लाकूड: काय घ्यावं, कशाला हात लावू नये

इथे घाई करू नका. निम्मं काम लाकूड निवडण्यातच आहे.

कोकणात असाल तर सगळ्यात सोपी सुरुवात माणगा बांबूने होते. काही भागांत त्याला मेस म्हणतात. हा बांबू जवळपास भरीव असतो, काटे नसतात आणि सरळ वाढतो. विदर्भाकडे लाठीचा भरीव नर बांबू मिळतो. तीन-चार वर्षांचा पक्का वेळू घ्या. कोवळा हिरवागार दिसतो पण वाळल्यावर सुरकुततो. बांबूवर खोल कोरता येत नाही, कारण त्याची खरी ताकद बाहेरच्या थरात असते. त्यावर रेषा जाळून नक्षी करायची आणि मूठ वेगळ्या लाकडाची बसवायची.

फांदीचीच काठी हवी असेल तर परसातला पेरू उत्तम. लाकूड घट्ट, चिवट, साल गुळगुळीत, आणि पेरूची छाटणी तशीही होतच असते. बोर आणि बाभूळ कणखर, पण जड आणि पटाशीला त्रास देणारी. कडुनिंब मध्यम वजनाचा आणि किडीला बऱ्यापैकी दाद न देणारा. मूठ कोरायला शिवण फार छान. लाकूड मऊसर, रेषा शांत. सागही चालतो. जुना वाडा पाडताना निघालेली सागाची चौकट किंवा तुळईचा तुकडा मिळाला तर सोडू नका. ते लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं, आता वाकडं होणार नाही. फक्त कोरण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आतला जुना खिळा पटाशीची धार एका फटक्यात घालवतो.

आंबा आणि पांगारा ही नावं सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमुळे ऐकलेली असतात. पांगारा खेळण्यातल्या फळांसाठी ठीक आहे, कारण तो हलका आणि मऊ असतो. त्याच गुणांमुळे तो काठीला नालायक.

आता टाळायच्या गोष्टी. बिब्बा: याच्या चिकाने अंगावर फोड येतात. जंगलात ओळख पटली नाही तर कोणतीही फांदी तोडू नका, त्यातलं मुख्य कारण हेच. काजू: ताज्या फांदीचा आणि सालीचा चीकही कातडी भाजतो. कण्हेर: फांद्या मोहात पाडतील इतक्या सरळ असतात, पण झाडाचा प्रत्येक भाग विषारी. दिवसभर घामेजल्या हातात राहणाऱ्या आणि नातवंडं तोंडात घालू शकतील अशा वस्तूला हे झाड नको. शेर आणि इतर चिकाळ निवडुंगवर्गीय झाडंही नकोत, त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो.

फांदी निवडताना काय बघायचं? गाठी जवळजवळ असतील तर सोडा. कागदी सुरीने साल थोडी खरवडून लाकडाची रेषा बघा. ती फांदीच्या लांबीला समांतर धावली पाहिजे. रेषा तिरपी बाहेर पडत असेल तर काठी नेमकी त्याच जागी तुटेल, वरून कितीही जाड दिसली तरी. फांदीला काटकोनात फुटलेली दुसरी सरळ फांदी दिसली तर तिथे थांबा. मुख्य फांदीचा बारा-पंधरा सेंटिमीटरचा तुकडा मूठ होतो, बाजूची फांदी दांडा होते. जोड नाही, रॉड नाही. अशी एकसंध काठी मिळणं हे नशीब आहे आणि ते शोधत फिरण्यात पुढे सगळे रविवार जातात, याची घरच्यांना आधी कल्पना द्या.

कधीकधी रानवेलीने आवळलेली फांदी मिळते. वेल फांदीभोवती पीळ घालून वाढते, फांदी जाड होत जाते आणि वेलीच्या जागी खोलगट आटे पडतात. अशी काठी मिळाली तर कोरायचं काहीच नाही. साल काढा, वाळवा, तेल द्या.

३. परवानगी आणि कागद

स्वतःच्या अंगणातलं झाड आहे म्हणजे ते केव्हाही तोडता येतं, हा समज चुकीचा. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या खाजगी जमिनीवरही १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. साग, खैर, चंदन, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ अशी झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. शहरी भागात १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे आणि तिथे फांद्या छाटायलाही महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. गोव्यात १९८४ चा वृक्ष जतन कायदा आहे. बांबूचं सोपं झालंय: २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला.

एका काठीसाठी एवढ्या भानगडीत पडायचं नसेल तर हे मार्ग आहेत:

- महापालिकेची छाटणी चालू असताना माळीमंडळींना विचारून घेतलेली फांदी
- बागायतदाराकडची छाटणीची पेरू किंवा चिकूची फांदी
- लाकडाच्या वखारीतून, पावतीसह. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मुठीपुरते तुकडे मागितले तर मिळतात
- बांबू विकणाऱ्याकडचा निवडून घेतलेला वेळू

जवळ ठेवायचे कागद: वखारीची पावती; झाड तुमचंच असेल आणि परवानगी काढली असेल तर त्या परवानगीची प्रत; अर्जासोबत सातबारा किंवा मिळकतीचा उतारा आणि झाडाचे फोटो लागतात.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून खाली पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ते चालू देत नाही. देवराईतली फांदी उचलायला कायदा आडवा येवो न येवो, गावकरी येतील, आणि ते बरोबरच आहे. सांबराच्या शिंगाची मूठ बसवलेल्या जुन्या काठ्या अजून काही घरांत दिसतात. ‘शिंग गळून पडलेलं होतं’ असं सांगत कोणी विकायला आलं तरी घेऊ नका. त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे.

४. तोडणं, वाळवणं, कीड

फांदी थंडीत काढा, मार्गशीर्ष ते माघ. तेव्हा झाडात रस कमी असतो, लाकूड कमी तडकतं आणि साल ठेवायची असेल तर ती चिकटून राहते. पावसाळ्यातली फांदी सोलायला सोपी, पण तिला बुरशी आणि कीड दोन्ही लवकर लागतात. बांबू तोडताना जुने लोक अमावास्या बघतात. त्या तिथीबद्दल मी वाद घालत नाही. हंगाम मात्र नक्की पाळा.

तोडल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा फेविकॉलचा जाड थर द्या. ओल टोकांतून भराभर उडते आणि म्हणून चिरा तिथूनच सुरू होतात. लांबी दोन्हीकडून एक वीत जास्त ठेवा, टोकं तडकलीच तर कापून टाकता येतात.

वाळवायची ती सावलीत, वारा खेळेल अशा जागी, आडवी, तीन-चार ठिकाणी टेकू देऊन. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली फांदी धनुष्य होते. उन्हात ठेवलेली महिन्याभरात तडकते. सालीसकट एक इंच जाडीला एक वर्ष असा जुना हिशेब आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात देशावर त्याहून लवकर वाळते, कोकणात नाही. अंदाजावर जाऊ नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा. सलग दोन महिने वजन हललं नाही की लाकूड तयार.

एवढा धीर नसेल तर वखारीतलं वाळलेलं लाकूड घ्या. ओल्या लाकडावर कोरू नका. आज सुंदर दिसणारं पान दोन महिन्यांनी मधोमध चिरलेलं दिसतं.

कीड: फांदीखाली पिठासारखा बारीक भुगा दिसला तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. बांबू आणि बाहेरचं फिकट लाकूड यांना हे हमखास होतं, कारण त्यात पिष्ट जास्त. उपाय सोपा आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड समसमान घेऊन पाण्यात विरघळवा, दोन्ही मिळून पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एक लिटर पाण्याला सुमारे ५० ग्रॅम. पीव्हीसीच्या पाइपाला खालून बूच बसवून त्यात काठी आठवडाभर उभी बुडवून ठेवा, मग पुन्हा वाळवा. बांबूच्या पेरांमध्ये आधी सळईने भोक पाडून घ्या, नाहीतर पाणी आत जात नाही. हे पाणी मुलांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवा.

५. वाक काढणं

थोडा वाक शोभून दिसतो. मुठीच्या मध्यापासून टोकापर्यंत दोरी ताणून धरा. दांडा दोरीपासून दोन बोटांहून जास्त लांब जात असेल तर भार सरळ खाली जात नाही, काठी हातात फिरते. असा वाक काढावा लागतो.

पाण्याच्या वाफेवर वाकाची जागा शेकायची. २५ मिलिमीटर जाडीला पाऊण ते एक तास. मग जाड कापडाचे हातमोजे घालून गुडघ्यावर हळूहळू उलट दिशेला, हव्या त्याहून थोडी जास्तच वाकवायची आणि सरळ पट्टीला बांधून आठवडाभर तशीच ठेवायची. बांबूवाले हे काम तेल लावून थेट जाळावर करतात. ते बघायला सोपं वाटतं. पहिल्या खेपेला त्यांच्याकडूनच करून घ्या.

६. हत्यारं

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, इतर गावांत सुतारांना माल देणारं कुठलंही जुनं हार्डवेअरचं दुकान. सेट घेऊ नका. बारा नगांच्या स्वस्त सेटमधले नऊ नग कधी वापरले जात नाहीत आणि उरलेल्या तिघांना धार राहत नाही.

- बारीक दातांची करवत
- लाकडाची कानस, एक अर्धगोल जाड दातांची, एक बारीक
- कोरायची लहान सुरी
- सपाट पटाशी ६ मिलिमीटर, गोल पटाशी ६ ते ८ मिलिमीटर, आणि व्ही आकाराची एक
- धारेचा दगड, आणि जुना चामडी पट्टा धार पाजळायला
- हँड ड्रिल
- दोन सी-क्लॅम्प आणि सायकलची जुनी ट्यूब. ट्यूब गुंडाळून काठी क्लॅम्पमध्ये धरली की वळ उठत नाहीत
- काचकागद ८०, १२०, १८०, २४० नंबरचे
- काठी धरणाऱ्या हातासाठी जाड हातमोजा

बोथट हत्यार जास्त कापतं. लाकडाला नव्हे, हाताला. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि ती सटकते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्ट्यावर चार हात मारून घ्या. आणि काठी मांडीवर ठेवून, पाते स्वतःकडे ओढत कधीही कोरू नका. अनुभवी सुतार तसं करताना दिसतील. त्यांच्या मांडीकडे आणि बोटांकडेही एकदा नीट बघा.

७. मूठ आणि जोड

एकसंध फांदी मिळाली नसेल तर मूठ वेगळी करायची. ठोकळा बारा-तेरा सेंटिमीटर लांब, साडेचार ते पाच उंच, साडेतीन रुंद. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला समांतर हव्यात. रेषा उभ्या ठेवल्या तर पक्ष्याची चोच पहिल्यांदा पडल्यावरच मोडते.

आकार कोणता? पहिल्या काठीला मी धनेश सुचवेन. कोकणातल्या देवरायांच्या आसपास दिसणारा महाधनेश डोळ्यासमोर आणा: लांब, खाली झुकलेली चोच पुढे, तिच्यावर रुंद चपटा टोप, मागे गोल डोकं. त्या टोपावर तळहात विसावतो, चोच बोटांत येते आणि डोकं हाताच्या मागे आधार देतं. पक्ष्याच्याच अंगात मूठ आहे. मोर काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण तुरा तळहातात रुततो आणि मान बारीक असल्याने तुटते. घोड्याच्या कानांचं तेच. हरणाची शिंगं तर नकोच. शेकरू करायचं असेल तर शेपूट अंगाला लपेटलेली ठेवा, मोकळी नाही.

ज्याची काठी आहे त्याला ठोकळा अर्धवट झाल्यावरच हातात धरायला द्या. मातीचा गोळा मुठीत दाबून त्याचा ठसा घेतला तर अजून बरं. संधिवात असलेल्या माणसाची बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यांना मूठ जाड लागते. बाजारातल्या बहुतेक मुठी त्यांच्यासाठी बारीक असतात, त्यामुळे घरी केलेल्या काठीचा खरा फायदा इथे आहे.

जोडासाठी आठ मिलिमीटरचा आटे असलेला लोखंडी रॉड घ्या, दहा सेंटिमीटर लांब. दांड्यात सात सेंटिमीटर, मुठीत तीन. भोक नऊ मिलिमीटरचं. मुठीत याहून खोल गेलात तर रॉड वरून डोकावेल. दांड्याचं भोक सरळ पडणं महत्त्वाचं आहे: दांडा उभा क्लॅम्प करा आणि ड्रिल चालवताना समोरून आणि बाजूने बघायला एक माणूस उभा करा. चिकटवायला दोन नळ्यांचा इपॉक्सी. फेविकॉल लाकडाला लाकूड धरतं, लोखंडाला नाही. मूठ आणि दांडा यांच्या मध्ये उजेड दिसता कामा नये. कानसीने दोन्ही माथे सपाट करा, मगच चिकटवा, आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

८. नक्षी

एक हिशेब आधी. गोल दांड्याची वाक सहन करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. सगळीकडून कोरून २५ मिलिमीटरचा दांडा २२ वर आणला तर एक तृतीयांश ताकद गेली. २० वर आणला तर जवळपास निम्मी. डोळ्याला हा फरक जाणवतही नाही.

यातून तीन नियम निघतात.

कडं कोरू नका. दांड्याभोवती गोल फिरणारी खोल खाच म्हणजे ‘इथे तुटावं’ अशी केलेली खूणच. नक्षीला दोन भागांत विभागायचं असेल तर रेषा जाळून काढा किंवा पितळेचं कडं बसवा.

पीळ चालतो, कारण तो एका जागी सगळीकडून खात नाही. वेल किंवा नाग काठीभोवती फिरवायचा तर कागदाची लांब पट्टी तिरपी गुंडाळा, कडेने पेन्सिल फिरवा, पीळ आपोआप सारखा येतो. उठावदार नाग हवा असेल तर सुरुवातीलाच ३० मिलिमीटरची फांदी घ्या, म्हणजे आजूबाजूची जमीन (नक्षीभोवतालचं लाकूड) खाली उतरवल्यावर आत २५ चा दांडा शिल्लक राहतो.

मुठीखालची आठ सेंटिमीटर मोकळी सोडा. आत रॉडचं भोक आहे, बाहेरून कोरलंत तर भिंत पातळ होते. खालचा अर्धा भागही साधा ठेवा, तो चिखलात जाणार आहे. नक्षीला उरतो मधला वरचा भाग, साधारण एक फूट. पुरेसा असतो.

पहिल्या नक्षीसाठी पानं घ्या. पिंपळ सोपा वाटतो पण त्याचं लांब टोक हमखास उडतं. विड्याच्या पानांची वेल, ताम्हणाची चुणीदार पाकळी किंवा खवल्या मांजराचे खवले, या गोष्टी नवशिक्याला जमतात. खवल्यांची युक्ती अशी की एकच आकार पुन्हा पुन्हा येतो. दहा खवले खराब जातात, अकराव्यापासून हात बसतो आणि मग मागचे दहा दुरुस्त करता येतात. गाठ आली तर ती घासून लपवू नका. गाठीचा डोळा होतो, फुलाचा मध्य होतो, कासवाची पाठ होते.

कोरण्याचा क्रम: पेन्सिलीने आकृती, मग आकृतीच्या कडेने सुरीचा उभा काप दोन मिलिमीटर खोल, मग बाहेरच्या बाजूने गोल पटाशीने त्या कापापर्यंत येत जमीन उतरवणं, शेवटी पानाच्या शिरा व्ही पटाशीने. उभा काप आधी दिला नाही तर पटाशी सरळ पानात घुसते. एका दिशेने जाताना लाकूड उचकटत असेल तर रेषेविरुद्ध चाललाय, काठी फिरवा आणि दुसऱ्या बाजूने या.

पटाशीचा हात बसत नसेल तर साधा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न घ्या आणि रेषा जाळून काढा. बांबूवर तर हाच मार्ग. खिडकी उघडी ठेवा, आणि रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडावर हे करू नका, धूर वाईट असतो.

९. घासकाम आणि लेप

८० पासून २४० पर्यंत क्रमाने, रेषेच्या दिशेने. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उभे राहिलेले तंतू पुन्हा घासा. एवढंच.

लेपासाठी रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल घ्या. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल आठवडे चिकट राहतं. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, एक दिवस थांबा, असे चार-पाच हात. हे काम दिवाळी ते मे या काळात करा. पावसाळ्यात तेल सुकत नाही आणि वर बुरशीचे ठिपके येतात.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग कचऱ्यात टाका.

चपडा लाखेचं पॉलिश चमकतं छान, पण मुठीला लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि हातांना लावलेल्या सॅनिटायझरमध्येही तेच अल्कोहोल असतं. मूठ चिकट होते. दांड्याला हवी तर लाख, मुठीला तेलच.

१०. टोक आणि चाचणी

रबरी टोपी सर्जिकलच्या दुकानात मिळते, आतला व्यास बघून घ्या. ती बसवायला काठीचं टोक कानसीने गोल करा. टोपी जोर लावूनच चढली पाहिजे. चिकटवू नका, झिजल्यावर बदलायची असते. डोंगरातल्या काठीला लोखंडी टोक चालतं, पण फरशीवर आणि ओल्या जांभ्यावर ते घसरतं, तेव्हा घरात येताना वर रबर चढवा. पायवाटेने रात्री जाणं होत असेल तर जुन्या घुंगुरकाठीसारखे चार घुंगूर वरच्या बाजूला बांधा. ते मुठीपासून लांब असू द्या, नाहीतर दिवसभर घरच्यांचे कान किटतात.

लांबी पक्की करण्यासाठी आठवडाभर काठी वापरायला द्या आणि मगच शेवटचे एक-दोन सेंटिमीटर खालून कापा.

चाचणीशिवाय काठी कोणाला देऊ नका. वापरणाऱ्यापेक्षा वजनदार माणसाने काठीवर हळूहळू सगळा भार टाकावा, सरळ आणि मग थोडा तिरपा, दुसरा हात टेबलावर ठेवून. ‘कट्’ असा आवाज आला, जोडाशी रेघ दिसली किंवा मूठ किंचितही फिरली तर ती काठी भिंतीवर लावायची. दुरुस्त करून पुन्हा आधाराला द्यायची नाही.

११. देखभाल आणि प्रवास

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, एक हात तेल. टोपीच्या तळाच्या रेघा झिजल्या की टोपी बदला. पावसाळ्यानंतर काठीखाली पिठासारखा भुगा दिसतोय का बघा. दिसला तर भोकांत बोरॅक्सचं पाणी सिरिंजने सोडून मेणाने बुजवा.

परदेशातल्या मुलांकडे काठी नेणार असाल तर साल पूर्ण काढलेली असू द्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर लाकडी वस्तू जाहीर करावीच लागते आणि साल किंवा किडीची भोकं दिसली तर ती अडवली जाते. मूठ शिसवाची असेल तर लाकडाची पावती सोबत ठेवा: शिसव ज्या डालबर्जिया वंशातलं आहे, त्यातली झाडं २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना त्यात सूट आहे, म्हणून एका काठीला अडचण येत नाही, पण काउंटरवरच्या माणसाला लाकूड कोणतं हे सांगता आलं पाहिजे.

लोखंडी टोक विमानतळावर जाण्याआधी काढून चेक-इनच्या सामानात टाका आणि काठीला रबर चढवा.